ठासणीची बंदूक : ठेवावी की परत करावी?

बाजारातून हौसेने आणलेला जिन्नस घरी आल्यावर सदोष निघाला, तर तो ठेवून घ्यावा की दुकानदाराला परत करावा, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थाला केव्हा ना केव्हा पडतोच. मातीचे मडके असेल तर गृहिणी त्यावर बोट वाजवून पाहते, कापड असेल तर उजेडात धरून पाहते, आणि मन मानत नसेल तर बेलाशक परत करते. हा व्यवहार इतका नित्याचा आहे, की त्यात इतिहास दडलेला असेल अशी शंकादेखील आपल्याला येत नाही. परंतु हाच प्रश्न एखाद्या राज्याला पडला, आणि घेतलेला जिन्नस मडके किंवा कापड नसून बंदूक वा तोफ असली, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. सदोष माल परत करावयाचा तर दोन गोष्टी हाताशी असाव्या लागतात. दोष ओळखणारा स्वतःचा माणूस हवा, आणि हा माल नाकारला तर तसाच दुसरा मिळविण्याची सोय हवी. ज्याच्यापाशी या दोन्ही नाहीत त्याला पदरी पडेल ते पवित्र मानून घ्यावे लागते. शिवकालापासून सत्तावन सालच्या उठावापर्यंतच्या दोनशे वर्षांत या दोन गोष्टी आपल्यापाशी केव्हा होत्या आणि केव्हा नव्हत्या, याचा श्रोत्यांसमवेत थोडा विचार करावा असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका पत्राचे. ठाण्यास माझ्या वर्गात शिकलेला एक विद्यार्थी आता अमेरिकेत व्हर्जिनियात स्थायिक झाला आहे. त्या देशात १८६१ ते १८६५ या काळात जे यादवी युद्ध झाले, त्यातील लढायांचे देखावे तेथील हौशी मंडळी तत्कालीन पोषाख करून, हाती तत्कालीन शस्त्रे घेऊन, त्याच रणभूमीच्या आसपास उभे करतात. बार भरतात तो अर्थातच गोळीवाचून, नुसत्या दारूचा. त्या युद्धात उभय पक्षांनी १८५३ सालच्या नमुन्याची इंग्रजी एन्फिल्ड रायफल मोठ्या प्रमाणावर वापरली होती. माझ्या विद्यार्थ्यानेही या हौशी पथकात नाव घालून त्या रायफलीची एक प्रतिकृती विकत घेतली. ती घडलेली होती हिंदुस्थानात. जुन्या बंदुकांच्या अशा प्रतिकृती आपल्या देशात तयार होऊन परदेशच्या हौशी लोकांकडे जातात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल.

बंदूक हाती आली तेव्हा तीत चार उणिवा आढळल्या. लाकडी दस्ता आणि कळ यांच्यामध्ये फट होती व ती लाख भरून बुजविलेली होती. घोडा खाली येताना नेमक्या जागी न पडता किंचित बाजूला पडत होता. नळीत डोकावून पाहिले तर जेथे पेचदार खाचा असावयाच्या तेथे आतला पृष्ठभाग सपाट होता. आणि नळीवर परीक्षेचा कोणताही शिक्का नव्हता. तक्रार करताच विकणाऱ्याने सांगितले, "ठेवून घेत असाल तर किमतीचा बराच भाग परत देतो, नको असेल तर बंदूक पाठवा आणि सगळी रक्कम घ्या." विद्यार्थी लिहितो, की सवलतीचा मोह तर आहेच, पण आपल्याच देशातल्या कारागिराने घडविलेली वस्तू सदोष म्हणून परक्या मुलखातून परत पाठविताना हात कचरतो. तेव्हा काय करावे?

उत्तर देण्यापूर्वी ही बंदूक कशी चालते ते पाहिले पाहिजे. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. नळी उभी धरून तोंडातून मोजकी दारू ओतावयाची, तीवर गोळी सोडावयाची, गजाने ती तळापर्यंत ठासावयाची, आणि मागील अंगाच्या बारीक छिद्रातून, ज्याला आपल्याकडे काना म्हणत, आत ठिणगी पोचवावयाची. ही ठिणगी पोचविण्याच्या रीती काळाप्रमाणे बदलल्या. प्रथम जळत्या जामगीने बत्ती देत. ती तोड्याची बंदूक. पुढे पोलादावर गार आपटून ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गारेची जागा स्फोटक द्रव्य भरलेल्या तांब्याच्या इवल्याशा टोपीने घेतली. एन्फिल्ड ही या शेवटच्या जातीची होय. तिच्या नळीला आतून तीन पेचदार खाचा असत. त्यांच्या योगाने गोळीला फिरकी मिळून ती सरळ व दूर जाई. या खाचा असल्या तरच तिला रायफल म्हणावयाचे. नसल्या तर ती साधी बंदूक.

ठासणीची बंदूक केवळ पदार्थसंग्रहालयात उरली आहे असेही नाही. कोकणातील शेतकरी रानडुकरांपासून व माकडांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही बाळगतो. तिच्या दोषांच्या प्रती तो आपल्याला अचूक सांगेल. दस्त्याचे लाकूड तडकले तर सुतार ते दुरुस्त करतो. कळीची कमान ढिली झाली, घोडा वाकडा पडू लागला, तर जाणता लोहार कानस घेऊन तो दोष काढतो. नळी मात्र संशयास्पद असेल तर तिला हात लावावयाचा नाही. कारण दारूचा सारा जोर कोंडला जातो तो नळीच्या तळाशी, आणि डागणाऱ्याचा गाल व डोळा त्या जागेपासून वीतभर अंतरावर असतो. लाकडाचा दोष दिसावयाला वाईट, कळीचा दोष बार फुकट घालवणारा, आणि नळीचा दोष प्राण घेणारा, असा हा चढता क्रम आहे.

नळीचा दोष डोळ्यांना दिसत नाही हीच यातली मोठी अडचण. घडीव लोखंडाच्या सांध्यात राहिलेली फट वरून घासून गुळगुळीत करता येते. म्हणून युरोपात नळीची परीक्षा घेण्याची स्वतंत्र व्यवस्था फार पूर्वीच निर्माण झाली. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली, आणि नळ्यांना कस लावून शिक्का मारण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. बर्मिंगहॅम येथे पार्लमेंटच्या कायद्याने १८१३ साली असेच कसोटीघर निघाले. रीत अगदी साधी : नेहमीच्या मापाहून पुष्कळ अधिक दारू भरून नळी दुरून उडवावयाची, मग ती बारकाईने तपासावयाची, आणि जी टिकली तिच्यावरच शिक्का उमटवावयाचा. फुटली तर ती कारखान्याच्या भिंतीआड फुटते, शिपायाच्या गालापाशी नव्हे. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की करणारा निराळा आणि कस लावणारा निराळा. आपल्याकडे सोन्याचा कस लावण्याची विद्या परंपरेने चालत आली. लोखंडाला तसा राजमान्य कसोटीदार मात्र लाभला नाही.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. शिवाजी महाराजांना या परावलंबनाची जाणीव आरंभापासून होती. १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख त्यांच्या हाती आला आणि त्यानंतर लवकरच तेथे लढाऊ गलबते बांधावयास त्यांनी प्रारंभ केला. या कामावर रुई लैतांव व्हिएगश नावाचा एक पोर्तुगीज आपल्या माणसांसह चाकरीस होता. ही नावे सिद्दीविरुद्ध आहेत असे सांगितले जात असले, तरी पुढे ती आपल्यावरही चालून येतील हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले, व्हिएगशची समजूत घातली, आणि तो आपल्या सर्व माणसांसह काम टाकून निघून गेला. ही १६५९च्या सुमाराची हकीकत. आम्हां ठाणे-कल्याणकरांच्या अगदी उंबरठ्यावर घडलेली असूनही ती आमच्या स्मरणात नसते. महाराजांनी आरमार उभे केलेच. पण परका कारागीर हा केवळ वेतनाने आपला होत नाही, त्याला बोलावून घेणारा धनी निराळाच असतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढच्याच वर्षी, १६६० साली, सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज गर्नाळा घेऊन त्याच्या मदतीस गेले व त्यांनी गडावर मारा केला. त्याचे प्रायश्चित्त १६६१ साली राजापूर लुटून व तेथील इंग्रजांना कैदेत टाकून महाराजांनी त्यांना दिले. परंतु पुढे जंजिऱ्यासाठी तोफा व गर्नाळा हव्या झाल्या, तेव्हा त्याच इंग्रजांकडे मागणी करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १६७१च्या सुमारास सुरतेच्या इंग्रजांनी जे धोरण धरले ते वाचून आजही कौतुक वाटते : उघड नकार द्यावयाचा नाही, नाहीतर शिवाजी रुष्ट होईल; आणि तोफाही द्यावयाच्या नाहीत, नाहीतर मोगल रुष्ट होईल. तेव्हा नुसत्या आशेवर झुलवीत ठेवावयाचे. त्याच काळात सुरतेच्या फ्रेंच वखारवाल्याकडून महाराजांनी ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे खरेदी केल्याची नोंद ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने करून ठेविली आहे.

एकाने नाकारले तर दुसऱ्याकडून घ्यावयाचे, हा यातला मुत्सद्दीपणा खरा. परंतु विकणारे सगळेच परके, आणि माल समुद्रापलीकडचा. आलेल्या तोफांतील एखादी मारा करताना तडकली, तर ती परत कोणाकडे पाठवावयाची? जहाज निघून गेलेले असे आणि वखारवाला हात वर करून मोकळा होई. या परिस्थितीत जे मिळेल ते ठेवून घ्यावयाचे, नीट राखावयाचे आणि जपून वापरावयाचे, एवढेच हाती उरते. इसवी सन १७१५च्या सुमाराच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांना साध्या सावकारांसारखे लेखू नये, असा इशारा दिला आहे, आणि त्याच ग्रंथात गडावरची दारू कशी राखावी याविषयी बारीक सूचना केल्या आहेत. एकाच लेखणीतून या दोन गोष्टी उतराव्या हा योगायोग नव्हे. ज्याला नवे सहज मिळत नाही तोच असलेल्याची इतकी निगा राखतो.

पेशवाईत गरज वाढली. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा अर्धवट बांधलेला पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी घेतला. आज त्याच तटाच्या आत ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. दोन वर्षांनी, १७३९ साली, वसई पडली. वसईचा तट फोडला तो मुख्यत्वे सुरुंगांनी, आणि तोही हजारो माणसे खर्ची घालून. तट दुरून पाडू शकेल असा भक्कम तोफखाना जवळ असता, तर ही किंमत बरीच कमी झाली असती. सरदार पानसे यांच्या घराण्याकडे तोफखान्याचा अधिकार होता. सासवडजवळ सोनोरीच्या माथ्यावर त्यांनी बांधलेला मल्हारगड त्या वैभवाची साक्ष देत अद्याप उभा आहे. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी विलायती धर्तीच्या बंदुका घेऊन लढल्या, आणि त्यांनी शत्रूची फळी कशी फोडली हे सर्वश्रुत आहे. त्या अनुभवानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत जुन्नर प्रांती आंबेगावास व पुढे पुण्यास तोफेचे गोळे ओतण्याचे कारखाने निघाले. विकत घेण्याकडून घरी करण्याकडे पडलेले हे पाऊल होते, आणि ते योग्य दिशेने होते. १७७४ साली ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी हल्ला करून घेतला आणि सालबाईच्या तहात साष्टी कायमची गेली, तेव्हा त्या पावलाला आणखी वेग देण्याची निकड स्पष्ट झाली.

तो वेग दिला महादजी शिंद्यांनी. १७८४ साली त्यांनी डी बॉईन या सॅव्हॉय प्रांताच्या सेनानीला चाकरीस ठेवले आणि त्याच्या हातून विलायती कवायतीच्या पलटणी उभारल्या. पलटणींना एका मापाच्या बंदुका लागतात. दहा ठिकाणांहून गोळा केलेल्या, दहा मापांच्या बंदुकांनी एकसाथ बार होत नाहीत, की एका साच्याची गोळी सगळ्यांना चालत नाही. म्हणून आग्र्यास कारखाना निघाला. त्याचा प्रमुख सँगस्टर नावाचा स्कॉच कारागीर होता. हा पूर्वी गोहदच्या राण्याच्या पदरी होता. या कारखान्यात तोफा ओतल्या जात आणि विलायती नमुन्यावरून बंदुका घडविल्या जात. अशी एक उत्तम बंदूक अवघ्या दहा रुपयांत पडे, असे कॉम्प्टन याने १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या युरोपियन साहसी सेनानींच्या चरित्रग्रंथात नमूद केले आहे. म्हणजे आपल्या विषयाच्या भाषेत बोलावयाचे तर, ही हिंदी कारागिरांच्या हातची प्रतिकृतीच होती, आणि ती घेऊन लढलेल्या पलटणींनी १७९० साली पाटण व मेडता येथे रजपुतांच्या नामांकित घोडदळाचा पराभव केला.

या कामाची परीक्षा १८०३ साली झाली. महादजी १७९४ सालीच पुण्याजवळ वानवडीस निवर्तले होते, डी बॉईन मायदेशी परतला होता, आणि दौलतराव शिंद्यांच्या फौजेला एकाच वेळी दक्षिणेत वेलस्लीशी व उत्तरेत लेकशी झुंजावे लागले. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर रोजी, मराठी तोफांनी इंग्रजी फळ्यांत जी भगदाडे पाडली त्यांची आठवण वेलस्लीने जन्मभर ठेविली. असई व लासवाडी या दोन्ही ठिकाणी गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. तोफांपाशीच कापले गेले. लढाया संपल्यावर जिंकलेल्या तोफांची इंग्रज तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी तपासणी केली. ती हकीकत मेजर थॉर्न याने १८१८ सालच्या आपल्या ग्रंथात छापली आहे. दिल्लीच्या लढाईत सापडलेल्या तोफांपैकी काहींवर मथुरेचा तर काहींवर उज्जैनीचा छाप होता. काही तोफांची आतली नळी घडीव लोखंडाच्या चार लांब पट्ट्या बेमालूम जोडून केलेली होती आणि तीवर मिश्र धातू ओतलेला होता. तोफेचे तोंड वरखाली करण्याचे पेचही त्या काळच्या फ्रेंच सुधारणेप्रमाणे नव्या धर्तीचे होते. सारांश, नक्कल उत्तम उतरली होती. तिला उत्कृष्टपणाचा दाखला मिळाला तो प्रत्यक्ष शत्रूकडून. दुर्दैवाने तो पराभवानंतर मिळाला.

मग उणीव कोठे राहिली? युद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १८०३ मध्ये, कलकत्त्याच्या सरकारने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रजी प्रजाजनांनी ती चाकरी सोडावी, कंपनी त्यांचा योगक्षेम चालवील. कित्येक अधिकारी निघून गेले. मुख्य सेनापती पेराँ हा फ्रेंच. त्यानेही सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय घेतला. कल्याणच्या खाडीवर १६५९च्या सुमारास जे घडले होते, तेच १४४ वर्षांनी उत्तर हिंदुस्थानात शतगुणित होऊन घडले. बंदुका आपल्या होत्या, घडविणारे हात आपले होते, डागणारे शिपाई आपले होते. पण कोणती बंदूक घ्यावी, कोणती मोडीत काढावी, ती केव्हा आणि कोठे वापरावी, हे ठरविणारी बुद्धी मोलाने आणलेली होती, आणि ती मोलानेच फिरली. आरंभी ज्या दोन गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी माल घरी करण्याची सोय महादजींनी सिद्ध केली. कस लावणारा आपला माणूस तयार होण्याइतका अवधी मात्र मिळाला नाही.

याच काळात इंग्रजांनी आपल्यापुरता हाच प्रश्न कसा सोडविला ते पाहणे बोधप्रद आहे. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा त्यांच्या सरकारला बंदुका पुरेनात. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजेसाठी जी बंदूक करवून घेई, ती सरकारी नमुन्याहून तीन इंचांनी आखूड, साधी आणि स्वस्त होती. सरकारी कसोटीने पाहता ती कमी प्रतीची. परंतु गरज ओळखून सरकारने कंपनीचा साठा ताब्यात घेतला आणि १७९७च्या सुमारास तोच हिंदुस्थानी नमुना स्वतःच्या सैन्यासाठीही ठरविला. नेपोलियनशी झालेली युद्धे इंग्रज पायदळ मुख्यत्वे याच बंदुकीवर लढले. उणी वस्तू ठेवून घेणे हे नेहमीच दुबळेपणाचे लक्षण असते असे नाही, हे यावरून दिसेल. उणीव कोणती आहे, ती कितपत चालेल, हे पुरते जाणून आणि नळीचा कस न सोडता त्यांनी ती ठेविली. न जाणता किंवा निरुपायाने ठेवणे वेगळे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बंदुकीशी सर्वांत निकटचा असा प्रसंग सांगतो. १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल हिंदी पलटणींना देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तिच्या काडतुसांच्या वंगणावरून उसळलेला क्षोभ सत्तावनच्या उठावाच्या अनेक कारणांपैकी एक ठरला. आपल्याकडे ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरास २७वी पलटण उठली. उठाव मोडल्यावर राज्यकर्त्यांपुढे पेच पडला. हिंदी शिपायांवाचून राज्य चालणार नाही, आणि त्यांच्या हाती इतकी दूरवर अचूक मारा करणारी रायफल द्यावी तर धास्ती वाटते. यावर त्यांनी जी तोड काढली ती विलक्षण होती. १८५८ साली हिंदुस्थानातील एतद्देशीय पलटणींसाठी त्यांनी एक खास नमुना मुक्रर केला. बाहेरून पाहणाऱ्याला ती हुबेहूब एन्फिल्डच दिसे. पण नळी आतून कोरून ०.५७७ इंचाची सुमारे ०.६५६ इंच केलेली, पेचदार खाचा नाहीशा केलेल्या, आणि लांबच्या नेमासाठी वरखाली होणारी माशी काढून तेथे साधा ठोकळा बसविलेला. ज्या रायफलीची माशी ९०० यार्डांपर्यंत खुणावलेली होती, तिची ही बहीण १०० यार्डांपलीकडे नेमाच्या भरवशाची राहिली नाही. शिवाय कोरल्यामुळे नळीची भिंत पातळ होऊन ती सहज पोचे व वाके. तेव्हा १८५९ साली जाड नळीचा सुधारलेला नमुना काढणे भाग पडले.

श्रोत्यांनी या गोष्टीचे मर्म ध्यानी घ्यावे. कारागिराच्या हलगर्जीपणाने बंदूक सदोष निघणे हे जगात सर्वत्र घडते. येथे दोष हाच नमुना होता. तो मोजून, मापून, शिक्का मारून तयार केलेला होता. महार, मराठे, परदेशी असे मुंबई इलाख्याच्या पलटणींतील जे शिपाई ही बंदूक खांद्यावर घेऊन कवायत करीत, त्यांच्यातील कोणाला ती परत करण्याचा अधिकार नव्हता. तोफखाना तर डोंगरी तोफांचे थोडे अपवाद वगळता गोऱ्यांच्याच हाती ठेवण्यात आला. पुढे मागून भरावयाच्या बंदुका आल्या, तेव्हाही गोऱ्या शिपायाला नवा नमुना आणि हिंदी शिपायाला मागल्या पिढीचा, हीच रीत कित्येक वर्षे चालू राहिली. आग्र्याच्या कारखान्यात एके काळी उत्तम बंदुका घडविणाऱ्या देशाच्या शिपायाला दुसऱ्याने हेतुतः उणी केलेली बंदूक मुकाट्याने ठेवून घ्यावी लागली, यापरते पराधीनतेचे दुसरे मूर्त रूप मला तरी दाखविता येणार नाही.

हे सारे लक्षात घेऊन मी माझ्या विद्यार्थ्याला जो सल्ला लिहून पाठविला त्याचा आशय असा. तुझ्याजवळ जी वस्तू आली आहे ती १८५३ची रायफल नव्हे. रूप तिचे आणि अंतरंग साधारण १८५८च्या हिंदुस्थानी बंदुकीचे, असा तो संकर आहे. दस्त्याची फट सुतार काढील, घोड्याचा तोल लोहार सावरील. त्या दोन दोषांपायी मी बंदूक परत कर म्हटले नसते. भिंतीवर टांगण्यापुरतीच ती हवी असती, तर सवलत घेऊन ठेवून घेण्यासही हरकत नव्हती. मात्र खाली तिचे खरे वर्णन लिहून ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होणार नाही. परंतु तू तीत दारू भरणार आहेस. अशा प्रतिकृती बहुधा शोभेची वस्तू म्हणूनच देशाबाहेर जातात. कित्येकींना काना देखील पाडलेला नसतो, तो घेणारा मागाहून पाडून घेतो, आणि म्हणून नळीला कस लावण्याचा प्रसंगच येत नाही. अशा नळीत गोळी नसली तरी दारूचा जोर असतोच. आणि पथकात तू एकटा उभा नसतोस; तुझ्या खांद्याला खांदा लावून दुसरा उभा असतो. त्याच्या डोळ्यांची किंमत विकणाऱ्याने देऊ केलेल्या सवलतीत धरलेली नाही. तेव्हा बंदूक परत कर.

राहिला प्रश्न देशाभिमानाचा. आपल्या कारागिराची वस्तू परत करण्यात त्याचा अपमान होतो, ही समजूत मला मान्य नाही. सदोष वस्तू कौतुकाने ठेवून घेणारे गिऱ्हाईक कारागिराला आहे तेथेच ठेवते. पण परत करताना नुसते 'पसंत नाही' असे लिहू नये. नळी आतून सपाट आहे, कसाचा शिक्का नाही, घोडा अमुक बाजूला पडतो, दस्त्यातील फट लाखेने बुजविली आहे, असे एकेक कलम स्वच्छ लिहून पाठवावे आणि ते घडविणाऱ्यापर्यंत पोचवावे असे बजावावे. ज्या देशात लोखंडाच्या चार पट्ट्या बेमालूम जोडून तोफेची नळी करणारे हात होते, त्या देशात तीन खाचांची सरळ नळी होऊ नये असे काही नाही. मागणाऱ्याने आग्रह धरला पाहिजे. हौसेच्या वस्तूत जो आग्रह धरीत नाही, तो गरजेच्या वस्तूत धरील असा भरवसा कोणी द्यावा?

स्वातंत्र्यानंतर हा आग्रह धरण्याची साधने आपल्या हाती आली आहेत. ठाणे जिल्ह्यातच, कल्याणच्या पुढे, अंबरनाथ येथे शस्त्रनिर्मितीला लागणारी यंत्रे व नमुने तयार करणारा कारखाना १९५३ साली उभा राहिला. लोकलगाडीतून त्याच्या बाजूने रोज हजारो प्रवासी जातात. त्यांतील फारच थोड्यांच्या मनात सँगस्टर किंवा व्हिएगश यांची नावे येत असतील. ती यावीत असे मला वाटते. कारखाना बांधला म्हणजे काम संपत नाही. त्यातून निघालेल्या प्रत्येक नळीला निर्भयपणे कस लावणारा, आणि कसाला न उतरलेली नळी करणाऱ्याच्या भिडेला न पडता परत पाठविणारा आपला माणूस त्याच्या दारात उभा असावा लागतो. महादजींना जो माणूस वेळेवर मिळाला नाही तो हाच. तसा माणूस शाळेत, कारखान्यात आणि घरीही घडवावा लागतो. आणि बोट वाजवून मडके पारखणारी गृहिणी त्याची पहिली शिक्षिका होय.